फळीच्या आतल्या बाजूला

दुकानात फोतिनीने माझ्यासमोर हातमोज्यांचे दोन जोड ठेवले. एक मोठा, एक लहान. मी तसं काही मागितलं नव्हतं. बोटीचं सामान दे, एवढंच म्हणालो होतो, आणि ती वळून मांडणीवरून एकेक वस्तू काढत होती. शेंदरी रंगाचा डबा, पुट्टी, कापसाचे पेळू, घासकागद, कुंचले, आणि मग हे. कितीतरी वर्षं दर वसंतात ती हेच काढून देते, तिच्या हाताला ते पाठ झालं आहे. हाताने जोड ठेवून दिला आणि मग तिच्या लक्षात आलं. माझ्या आधीच लक्षात आलं होतं. आम्ही दोघंही त्या लहान जोडाकडे बघत राहिलो. मागे एक माणूस दोरखंड घेऊन उभा होता, तो खाकरला. फोतिनीने जोड उचलला नाही आणि मीही तो बाजूला सारला नाही.

"नेतोस की ठेवू?" ती शेवटी म्हणाली.

"नेतो."

"लांब्रो, मी पण ना..."

"मागच्या वेळचा रंगाचा डबा सुकला होता," मी म्हणालो. काहीतरी बोलायचं म्हणून.

"मग झाकण नीट लावायला शिक. तुला कधी लावता आलंय? तीच लावायची." बोलून गेल्यावर तिने ओठ मिटले आणि सामान पिशवीत भरायला लागली. नेहमीपेक्षा सावकाश, जणू त्या पिशवीत काचेचं काही होतं.

बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसलो. पिरेअसहून पेरामाला जाणारी बस समुद्राच्या कडेने जाते, पण समुद्र दिसत नाही, गोदामांच्या भिंती दिसतात. भिंत संपली की गंजकी बोट, पुन्हा भिंत. मी त्या रस्त्याने आयुष्यभर गेलो आहे, आधी फेरीबोटीवर इंजिन बघायला आणि मग निवृत्तीनंतर आमच्या स्वतःच्या बोटीकडे. माझी बायको मेरोपी बरोबर असली की खिडकीची जागा तिची. आता खिडकीची जागा रिकामी होती तरी मी कडेला बसलो होतो, हे मला उतरताना कळलं. कोणी येऊन बसेल म्हणून मी वाट अडवून बसलो होतो की कोणी येऊ नये म्हणून, कोण जाणे.

बोट दोन उन्हाळे जमिनीवर उभी होती. लाकडी बोट इतका काळ वर ठेवायची नसते. आमच्याकडे लहान पोरालाही हे माहीत असतं. वसंतात ओढून काढायची, तळ खरवडायचा, फटी बघायच्या, रंग द्यायचा आणि ओली आहे तोवर पुन्हा पाण्यात सोडायची. पण पहिल्या उन्हाळ्यात मेरोपीला दम लागायला लागला आणि आम्ही म्हणालो, जरा बरं वाटलं की जाऊ. मग दवाखाना. मग तिच्या छातीत पाणी झालं आणि ते नळी घालून काढायला लागले. काढलं की पुन्हा भरायचं. मी तिच्या पलंगाशी बसून त्या बाटलीकडे बघायचो. आयुष्यभर बोटीच्या तळातलं पाणी उपसलेला माणूस मी, मला ते रंगावरून कळायला हवं होतं असं वाटायचं, कुठून येतंय ते. दुसरा उन्हाळाही तसाच गेला. ती हिवाळ्यात गेली. बोट तिथेच लाकडी पाळण्यावर, बोटी उभ्या करायच्या सांगाड्यावर, उन्हात उभी, आणि फळ्या सुकून एकमेकींपासून दूर झालेल्या. पहिल्या दिवशी मी फटीवरून बोट फिरवलं तर नख आत गेलं.

आता आम्ही काम कसं करायचो ते सांगितलं पाहिजे. फटी भरायच्या म्हणजे कापसाचा पेळू फटीवर धरायचा, बोथट छिन्नी लावायची आणि लाकडी हातोड्याने ठोकत आत बसवायचा. फार सैल राहिला तर पाणी येतं. फार घट्ट बसला तरी वाईट, कारण लाकूड पाण्यात फुगतं, त्याला सरकायला जागा लागते. जागा नसेल तर फळ्या एकमेकींना रेटतात आणि मग कुठेतरी काहीतरी मोडतंच. बोटी दुरुस्त करायच्या आमच्या यार्डात बरेच जण हे काम एकटेच करतात. आमच्यात मी बाहेर आणि मेरोपी आत. ती आत तळाशी बसून हाताच्या गाठीने फळीवर ठोकायची. एकदा म्हणजे पुरे. दोनदा म्हणजे अजून. हे कधी सुरू झालं आठवत नाही, लग्नानंतर लगेचच असेल, कारण मला बोटीच्या आत वाकून बसलं की पाठीत भरायचं आणि ती लहानखुरी. एका वर्षी आमचं काहीतरी जोरात भांडण झालं होतं, तिच्या बहिणीवरून, आणि आम्ही बोलत नव्हतो. तशातही आख्खी बोट भरली. ती आतून ठोकायची, मी बाहेरून. संध्याकाळी ती वर आली, केसांत भुसा, आणि म्हणाली, "भूक लागली." भांडण तिथे संपलं. तिला आतून नेमकं कसं कळायचं हे मी कधी विचारलं नाही. तिच्या तळहातात काहीतरी आहे, फळीचा ताण तिला कळतो, असं मी धरून चाललो होतो. लोकांनाही तसंच सांगायचो, जरा अभिमानाने.

त्या पहिल्या दिवशी मी एकटाच पहिल्या फटीत पेळू बसवायला घेतला. ऊन होतं. ठोकत गेलो, छिन्नी सरकवत गेलो, आणि एका जागी पेळू बसल्यासारखा वाटला तसा हात थांबला. सवयीने. तेवढ्यात आतून एक ठोका आला.

मी तसाच उभा राहिलो. सुकलेलं लाकूड उन्हात तडतडतं, हे मला माहीत आहे. ताण पडला की बोलतं. हे मी लिहितोय ते शहाणपणानेच लिहितोय, मला वेड लागलं नव्हतं. पण तो ठोका नेमका तिथे होता, आतल्या बाजूने, आणि एकच होता. मी शिडी लावून वर चढून आत डोकावलो नाही. का नाही डोकावलो हे मला तेव्हाही माहीत होतं. मी पुढच्या जागी छिन्नी लावली आणि ठोकायला लागलो, आणि तिथे पेळू बसल्यावर थांबलो. काही आलं नाही. मी आणखी ठोकलं. आणखी कापूस घातला. आणखी. मग आला. एक ठोका.

तेव्हापासून मी तसंच करत गेलो. फट भरली की मी थांबायचो नाही. भरलेल्या फटीत पुन्हा कापूस घालायचो, छिन्नीचं टोक आत जाईना तोवर ठोकायचो, कारण पुरेसं घट्ट झाल्याशिवाय आतून काही यायचं नाही. आणि ते आल्यावर मला बरं वाटायचं. हात दुखायला लागायचे, बोटांना फोड यायचे, पण बरं वाटायचं. दुपारी पाळण्याच्या सावलीत बसून मी पाव आणि ऑलिव्ह खायचो आणि दिवसभरात काय काय झालं ते मनात सांगत बसायचो. मुलीचा थेस्सालोनीकीहून फोन यायचा. "बाबा, जेवलात का?" "जेवलो." "एकटेच बसता का तिथे?" "नाही, असतात माणसं." हे खोटं नव्हतं, आणि खरंही नव्हतं.

यार्डात माणूस म्हणजे इसिदोरकाका. वय ऐंशीच्या पुढे, सत्तर वर्षं फटी ठोकून कान गेलेले. माझी साठी उलटली तरी मला अजून पोरा म्हणतो. एका दुपारी तो काठी टेकत आला आणि फटीवरून अंगठा फिरवला.

"हे काय भरलंयस?"

"कापूस, काका."

"मोठ्यानं."

"कापूस!"

"कापूस असा असतो? हे दगडासारखं झालंय. पोरा, ही बोट कोरडी आहे. कोरड्या बोटीत इतकं भरायचं नसतं हे तुला मी सांगायचं? उपस ते. सैल भर आणि पाळणा पाण्याकडच्या उतारावर अर्धा सोड. दोन दिवस पाण्यात बसू दे. गळू दे, भरू दे आतपर्यंत. पोटभर पिऊ दे तिला, फुगू दे, मग बघू कुठे काय लागतंय."

"भरू द्यायची नाही मला."

"काय?"

"पाणी भरू द्यायचं नाही!" मी ओरडलो. पलीकडे जाळं दुरुस्त करणाऱ्या दोघांनी मान वर केली.

काकाने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. त्याला कळलं असेल, मेरोपीच्या मयताला तो आला होता. "बुडणार नाही ती," तो हळू म्हणाला, म्हणजे त्याच्या मानाने हळू. "आणि हे बघ, फळ्या धरून ठेवणाऱ्या बरगड्या जुन्या आहेत. त्या सगळ्या गेल्या तर काढून नव्या घालणारा इथे कोणी उरला नाही, मीही आता नाही. मग ही सरपणात जाणार. तुला काय हवंय ते तूच ठरव." आणि तो कॉफी प्यायला गेला.

मी ठरवलं नाही. मी नुसता पुढच्या फटीकडे गेलो. मला बोट हवी होती, ती सरपणात जायला नको होती, हे मला पक्कं माहीत होतं. ती गेली तर मेरोपी जिथे बसायची ती जागाच उरणार नव्हती. घरातली तिची खुर्ची मुलीने पावसात भिजेल म्हणून गच्चीवरून काढून ठेवली, ती आता कुठे आहे मला माहीतही नाही. पण बोटीच्या तळाशी, डाव्या बाजूला, दोन बरगड्यांच्या मध्ये लाकूड गुळगुळीत झालं आहे, ते तिच्या पाठीने. ती जागा राहायला हवी होती. आणि ती राहावी म्हणून जे थांबवायला हवं होतं तेच मला थांबवता येत नव्हतं, कारण थांबलो की आतला आवाज थांबायचा. हे दोन्ही माझ्या मनात एकाच वेळी होतं आणि एकमेकांच्या आड येत नव्हतं. कसं येत नव्हतं, ते मला आता सांगता येत नाही. सगळ्या फटी भरून झाल्या. त्यावर पुट्टी दाबली, रंग दिला. बोट नव्यासारखी दिसायला लागली.

ईस्टरच्या आदल्या आठवड्यात ती पाण्यात सोडली. विंच, म्हणजे बोट ओढायचं चाक, सैल करत पाळणा उतारावरून खाली आणला, पाणी तळाला लागलं, मग ती उचलली गेली आणि पाळण्यातून निघून तरंगायला लागली. मी आत होतो. तळावरच्या सुट्या फळ्या काढून बघितलं. एक थेंब नाही. धक्क्यावर उभे असलेले लोक कौतुकाने बोलायला लागले. दोन वर्षं वाळलेली बोट, आणि पहिल्याच दिवशी कोरडी. कोणीतरी म्हणालं, "लांब्रोने काचेची बाटली केली की." फोतिनी दुकान बंद करून आली होती, तिने डब्यातून कोळंबीचा भात आणला होता. फक्त इसिदोरकाका हसला नाही. तो म्हणाला, "कोरडी बोट पाणी पीत नाही म्हणजे काय, ते मला आवडत नाही," आणि कोणी ऐकलं नाही, कारण तो नेहमी ओरडूनच बोलतो.

लोक गेले. मी आतच राहिलो. दुपार उलटली होती, धक्क्याला बांधलेली बोट हलकेच वरखाली होत होती. मी तळाशी, त्या गुळगुळीत जागेच्या समोर बसलो होतो. आणि तेव्हा एक ठोका आला.

तो आतापर्यंतच्या सगळ्या ठोक्यांहून मोठा होता. मी हसलो. मी खरंच हसलो, कारण मी हातोडा मारला नव्हता, काही केलं नव्हतं, आणि तरी ती बोलली. थोड्या वेळाने दुसरा. तो मला पाठीत जाणवला. मला वाटलं, आता मला ठोकायलाही नको, आता ती आपणहून बोलते आहे, आता मी नुसतं इथे बसायचं. मी हात पुढे करून फळीवर ठेवला. फळी गार होती आणि आतल्या आत थरथरत होती, ताणलेल्या दोरीसारखी. मी हात खाली सरकवत बरगडीवर आणला, आणि बोट एका जागी अडकलं. बरगडीत आडवी भेग होती. ताजी, आतलं लाकूड पिवळं. भेगेत अंगठ्याचं नख मावत होतं. माझ्या हाताखाली ती किंचित मोठी झाली.

मी किती वेळ तसा बसलो मला माहीत नाही. फार नसेल. मला हवं होतं ते मिळालं होतं आणि ते हे होतं. लाकूड फुगत होतं, त्याला कुठेच जागा नव्हती, मी एक रेषाभरही ठेवली नव्हती, आणि ते आता बोटीची बरगडी मोडून जागा करत होतं. तिसरा आवाज झाला आणि तो ठोका नव्हता, चक्क मोडण्याचा होता. मी वर आलो आणि ओरडलो. मला वाटतं मी तिचं नाव ओरडलो असेन, कारण जाळ्यावाल्यांपैकी एकाने नंतर मला विचित्र नजरेने पाहिलं. पण ते धावत आले. इसिदोरकाका काठी टाकून विंचपाशी गेला. बोट पुन्हा पाळण्यावर घेतली आणि ओढली.

वर आल्यावर काकाने आत दिवा धरून बघितलं. "तीन बरगड्या गेल्या," तो म्हणाला. "आणखी तासभर ठेवली असतीस तर बाजूच उघडली असती. मोडक्यांच्या जोडीला नव्या बांधून चालतील कदाचित. आधी तो दगड काढ."

मी लोखंडी आकडा घेतला आणि पुट्टी उकरायला लागलो. कापूस निघेना. इंच इंच ओढावा लागत होता. मी दोन आठवड्यांत जो भरला होता तो मी दोन दिवस उपसत होतो. काका स्टुलावर बसून बघत होता.

"मी सांगितलं होतं," तो म्हणाला.

"हो."

"मोठ्यानं."

"सांगितलं होतंत!"

"मग ऐकायला काय झालं? बहिरा मी आहे."

मी हसलो नाही, पण हात थोडे सैल झाले. मग मी त्याला सांगितलं, ओरडून सांगावं लागलं, सगळ्या यार्डाला ऐकू जाईल असं, की मला आतून आवाज यायचा. मेरोपी ठोकायची तसा.  काका म्हणाला, "लाकूड आहे ते. ताण पडला की बोलतं." "माहीत आहे मला," मी ओरडलो. "माहीत असून?" "हो, माहीत असून." त्याने मान हलवली, नापसंतीची की कसली कळलं नाही, आणि खिशातून अर्धा पाव काढून त्याचे दोन तुकडे केले.

मग आम्ही पाळणा उतारावर अर्धा सोडला आणि पाणी आत येऊ दिलं. मी धक्क्यावर बसलो होतो. आधी ते फटीफटीतून आलं, मग एकत्र झालं, मग वर चढायला लागलं. माझ्या छातीवर काहीतरी चढत असल्यासारखं वाटत होतं. मला दवाखान्यातली ती बाटली आठवत होती आणि तिचा श्वास, आणि हात काहीतरी करायला धावत होते, बादली शोधत होते. काका म्हणाला, "बस." मी बसलो. पाणी त्या गुळगुळीत जागेपर्यंत आलं आणि तिच्यावरून गेलं. आत आणि बाहेर पाणी एका उंचीवर आलं आणि थांबलं. बोट बुडाली नाही. नुसती जड होऊन पाळण्यात बसून राहिली. मी तेव्हा रडलो, तेवढं लिहितो आणि पुढे जातो.

दोन दिवसांनी बोट वर काढली तेव्हा फळ्या एकमेकींजवळ आल्या होत्या. मोडलेल्या बरगड्यांच्या बाजूला काकाच्या सांगण्याप्रमाणे मी नव्या बांधल्या. मग फटी पुन्हा भरायच्या आल्या. मी हातोडा उचलला. काकाने तो माझ्या हातातून काढून घेतला.

"तुझ्या हातात देत नाही मी हा. आत जा."

"आत?"

"कोणीतरी सांगायला नको मला, कधी थांबायचं? ऐकू येत नाही मला. फळीवर हात ठेवून कळेल तेवढं कळेल. जा."

मी त्या कामासाठी कधीच आत गेलो नव्हतो. वाकून खाली उतरलो, पाठीत भरलं, आणि डाव्या बाजूला दोन बरगड्यांच्या मध्ये बसलो. जागा मला अरुंद होती. डोक्यावर ताडपत्री होती, म्हणून अंधार होता, आणि त्या अंधारात, माझ्या डोळ्यांसमोर, उजेडाच्या रेघा होत्या. एकीखाली एक, बोटीच्या टोकापासून शेपटापर्यंत. रिकाम्या फटींतून बाहेरची दुपार आत आली होती. बाहेरून मी या फटी आयुष्यभर पाहिल्या होत्या आणि त्या काळ्या असायच्या.

काकाने ठोकायला सुरुवात केली. आत तो आवाज आवाज राहत नाही, हाडांत शिरतो, दुसरं काही ऐकू येत नाही, फळीचा ताण वगैरे तर मुळीच कळत नाही. तळहात ठेवून पाहिला, नुसते हादरे. आणि माझ्यासमोर सगळ्यात वरची रेघ कापूस आत येईल तशी बारीक होत गेली. दोऱ्याएवढी झाली. मग विझली.

एवढंच होतं ते. तिला एवढंच दिसायचं. उजेड गेला की ती ठोकायची. मी विचारलं असतं तर तिने एका वाक्यात सांगितलं असतं, आणि वर म्हणाली असती, अरे, त्यात काय, ये की आत आणि बघ.

हातोडा थांबला. काका बाहेर वाट बघत होता. त्याच्या पायांची हालचाल फळीतून कळत होती.

"पुरे," मी म्हणालो.

बाहेर काही झालं नाही. "पुरे, काका," मी मोठ्याने म्हणालो.

"झोपलास का आत?" तो ओरडला. "ठोक की. तोंडाचं काय ऐकू येतंय मला?"

छिन्नी पुन्हा त्याच फटीला लागल्याचा आवाज आला. आणखी एक-दोन घाव बसले असते आणि ती जास्त भरली असती. मी हात उचलला. तिथे, त्या उंचीवर, फळीवर एक बारीकसा खळगा होता, माझ्या बोटाच्या गाठीपेक्षा लहान. मी तिथेच ठोकलं. एकदा.

हातोडा खालच्या फटीवर सरकला आणि पुन्हा सुरू झाला, आणि मी दुसऱ्या रेघेकडे बघत बसलो.